हेडाबाईचं फुरसतूक

शके १८३६, भाद्रपद शुद्ध तृतीया, सोमवार

काल ईद झाली. आज गल्लीतल्या बाया हरताळकेची वाळू आणायला बिंदुसरा नदीवर गेल्या. नवरा नसलेलीला त्यात जागा न्हाई, म्हणून मी रिकामी बसून लिहितेय. तोंडानं बोललं की माझं भांडण होतं, त्यापरीस हे बरं. अक्षर मालकांनी शिकवलं, दुकानात मदत व्हावी म्हणून. ते गेल्यावर शिरूरचं भांड्याचं दुकान दिरानं घेतलं, अक्षर तेवढं माझ्यापाशी राहिलं.

रमजानभर आमच्या खानावळीचा जुम्म्याचा धंदा बसलाता. येत्या शुक्रवारी पुन्हा पंगत बसंल. हेडाबाई सकाळपासून खुशीत हाय. मुळ्याला मीठ लावून बरणीत दाबला, वर धोंडा ठेवला. तिच्या देशात कोबी घालतात म्हणे. बीडात कोबी कुठला, म्हणून तिनं मुळ्यावर भागवलंय. त्याचा वास असा सुटतो की शेजारची कडूबाई अजून नाकाला पदर लावूनच दारावरून जाते.

हेडाबाईचा नवरा कापसाच्या जिनात इंजनाचा फिटर होता. पटकीत गेला. जिनवाले म्हणले, बंबईपातूर पोचवतो, तिथून आगबोटीनं घरी जा. ही म्हणली, नवरा हितं मातीत हाय, घर कुठलं दुसरं. माळीवेशीपाशी दोन खोल्या धरल्या आन् खानावळ काढली. त्याच साली मी दिराशी भांडून एक गाठोडं घेऊन बीडात आलते. तिला वाढायला बाई पाहिजे होती, मला बसायला जागा.

चाँदभाई भट्टीवरचे पाव घेऊन आला आन् उंबऱ्यातच उभा राहिला. इंग्रजाची आन् जर्मनाची लढाई जुंपलीय, पंधरवडा होऊन गेला, कचेरीत अखबार आलाय, असं म्हणला. मी म्हणलं जुंपू दे, आपल्याला काय. तो हेडाबाईकडंच बघत होता. ती धोंडा नीट बसवत म्हणली, "कोण जर्मन? मी तर माळीवेशीची." चाँदभाई हसला न्हाई. पहिल्यापासून भित्रा माणूस.

भाद्रपद शुद्ध सप्तमी, शुक्रवार

लई माणूस आलं. जुम्म्याची सुट्टी, जिन बंद, कचेरी बंद, नमाजाला अजून अवकाश. न्याहारी होऊन गेलेली आन् जेवण लांब, अशा मधल्या वेळेचं हे आमचं खाणं. बटाटा किसून त्यात कांदा-अंडं घालून तव्यावर टाकलेल्या पोळ्या, अंडं न खाणाऱ्यांचा तवा वेगळा. संगं आंबट मुळा, चाँदभाईच्या भट्टीतला जाड पाव, लोणी, आन् भाजलेल्या हरबऱ्याचं काळं पाणी. त्याला बाई कापी म्हणते. रांधते हेडाबाई, वाढते मी, म्हणून बाटत न्हाई असं गावानं आपल्या आपण ठरवून घेतलंय. ज्याला तेवढंबी पटत न्हाई तो उपरण्यात पाव बांधून घरी नेऊन खातो.

आज भगवानराव वकील पाव मोडता मोडता सगळ्यांना समजावत होते. फुरसतूक हा शब्द फुरसतीवरून आलाय, जुम्म्याला माणसाला फुरसत असते म्हणून त्या खाण्याचं नाव फुरसतूक. सगळ्यांनी माना हलवल्या. गाव पहिल्यापासून असंच समजतं. खरं मला ठाऊक हाय. पहिल्या शुक्रवारी ताटं मांडताना हेडाबाई तिच्या भाषेत फ्र्यूश्टूक म्हणलीती. फ्र्यू म्हणजे भल्या सकाळी आन् श्टूक म्हणजे तुकडा. आमच्या कानाला ती फुरसत वाटली, आन् भल्या सकाळचा तुकडा आमी सूर्य डोक्यावर आल्यावर खायला लागलो. एकदा मी तिला विचारलंतं, तुमी लोकांची चूक सांगत कावून न्हाई. तर म्हणली, "माझा शब्द तुमच्या तोंडात गेला. वाकडा झाला. वाकडा पण माझाच."

अमीनसाहेब आलते. पोलिसाचा अमलदार असून माणूस खाण्याचा शौकीन. पोळ्या मागून मागून खाल्ल्या, मुळा दोनदा घेतला. उठताना म्हणले, बाईनं काही दिवस घराबाहेर पडू नये. मी म्हणलं, बाई घरातच हायत साहेब, तवा काय रस्त्यावर मांडलाय का. ते हसत हसत गेले. पण जाताना पाटीकडं बघून गेले. पाटीवर आमच्या लिहिलंय, जर्मन बाईची खानावळ, दर जुम्म्याला फुरसतूक.

भाद्रपद पौर्णिमा, शुक्रवार

अर्धी पंगत रिकामी. कडूबाईनं विहिरीवर उठवलंय की आमच्या धुराड्यातून ढगावर निरोप जातात आन् तिकडं त्यांचा बादशहा ते वाचतो. मी कळशी खाली ठेवली आन् विचारलं, काल आमची दाळ करपली, तवा कोणता निरोप गेला ग. बाया हसल्या. कडूबाई हसली न्हाई, आन् आमच्या दारावरून जायचं सोडून लांबच्या वाटेनं गेली.

दीर आला शिरूरहून, धुळाजी. संगं स्वतःचा पितळी तांब्या. आमच्या हितं पाणीसुदा पीत न्हाई, कावून की आमच्याकडं सगळी ताटं जर्मनची, म्हणजे अल्युमिनमची. त्या हलक्या पांढऱ्या भांड्यांनी पितळेचा धंदा मारला, असं त्याचं रोजचं रडगाणं. आज मात्र खुशीत होता. आता लढाईनं जर्मनची भांडी यायची बंद, पितळ वर जाणार, दुकानात माणूस कमी पडंल, तर वहिनी तुमी घरी चला.

त्याच्या घरी मी एक साल काढलंय. चिंच आन् राख घेऊन दिवसभर दुकानची भांडी घासायची, सणावाराला कुणाच्या पुढं यायचं न्हाई, सगळ्यांचं झाल्यावर खरवड खायची, आन् वरून ऐकायचं की पोसतोय. मी सांगितलं, भावजी, तुमचं पितळ तुमी घासा. तो रागावला न्हाई. खानावळीला टाळं लागलं की याल आपल्या पायानं, म्हणला. तेच डोक्यात बसलंय. टाळं लागलं तर दुसरं दार मला न्हाई, हे त्याला माझ्यापरीस चांगलं ठाऊक.

भाद्रपद वद्य पंचमी, बुधवार

आज हसावं का रडावं कळंना. पोलिसाचा जवान जलालुद्दीन आन् आणखी एक जण आले. वरून हुकूम सुटलाय, जर्मन माल जप्त. जलालुद्दीननं फळीवरचं ताट उचललं आन् मला विचारलं, हे जर्मन हाय न्हवं. मी मूर्ख, म्हणलं, मग, जर्मनचंच हाय, पितळेचं दिसतंय का. त्यानं सगळी ताटं, वाट्या, पेले पोत्यात भरले.

हेडाबाईला इतकं हसू आलं की ती भुईवर बसली. पाव द्यायला आलेल्या चाँदभाईनं ताट पालथं करून बंबईचा छाप दाखवला. जलालुद्दीन म्हणला, हुकुमात जर्मन लिहिलंय, बंबई लिहिलेलं न्हाई. भिंतीवर फिटरसाहेबाची हत्यारं टांगलीत, पान्हे, कानशी, सगळी तिच्या देशाहून आलेली. त्यांच्याकडं कुणी मान वर करून बघितलं न्हाई.

ते गेल्यावर हेडाबाई अजून भुईवरच होती. मी म्हणलं उठा आता, लई झालं हसू. मग माझ्या ध्यानात आलं की ती हसत न्हवती. मी पाणी दिलं आन् चाँदभाईवर ओरडले, तू गडी असून नुसता बघत राहिलास म्हणून. तो रिकामी फळी पुसून गेला.

भाद्रपद वद्य सप्तमी, शुक्रवार

पळसाच्या पत्रावळी मांडल्या. वकील आले न्हाईत, अमीनसाहेब आले न्हाईत. जिनातले हमाल आले, त्यांना लढाईपरीस भूक मोठी.

पितरांचा पंधरवडा चाललाय. मालकांच्या नावानं पान वाढलं, तवा हेडाबाई विचारायला लागली की परदेशी माणसाला चालतं का. मी म्हणलं मेल्यावर कोण देशी आन् कोण परदेशी, वाढा. तिनं फिटरसाहेबाच्या नावानं बटाट्याची पोळी ठेवली. कावळा आमच्या मालकांचा भात सोडून आधी तिच्या पोळीवर आला. मालक जित्तेपणीबी असेच होते, दुसऱ्याच्या ताटातलं आधी बघायचे. आमी दोघी लई दिवसांनी पोट धरून हसलो.

भाद्रपद वद्य एकादशी, मंगळवार

नेलं तिला.

सकाळीच पोलिसांची बैलांची दमणी दारात आली. नगरला नेणार, तिथं गोऱ्यांची छावणी हाय, तिथून पुढं कुठं ते जलालुद्दीनला ठाऊक न्हाई. एक पेटी घ्यायची परवानगी. गल्लीतली दारं सगळी उघडी आन् उंबऱ्यात कुणीच न्हाई. माझ्या हातचं खाऊन ढेकर दिलेली माणसं आतून बघत होती.

हेडाबाईनं फिटरसाहेबानं जिनात घडवलेलं रुंद उलथनं माझ्या हातात दिलं. म्हणली, "मंजुळा, कागद आणतील. सही कर. माझं नाव पुसलं तर पुसलं. पोट आधी." मग म्हणली बरणीवरचा धोंडा रोज धू, न्हाईतर बुरशी येते. दिवाळीपातूर येते म्हणली. मी तिच्या पाया पडले न्हाई. परत येणार हाय तर पाया कावून पडायचं.

चाँदभाई दमणीच्या मागं वेशीपातूर चालत गेला. एवढा वेळ होता तर तोंड उघडून एक शब्द बोलायचा अमीनाशी. मला राग आलाय. लई राग आलाय, आन् तो कुणावर काढावा ते कळत न्हाई, म्हणून सगळे तवे घासून काढले.

आश्विन शुद्ध षष्ठी, शुक्रवार

अमीनसाहेब आज स्वतः आले. संगं जलालुद्दीन, आन् कागद वाचून दाखवायला भगवानराव वकील. कागदात तीन गोष्टी. खानावळ मंजुळाबाईची. पाटी उतरवायची. जर्मन बाईशी मंजुळाबाईचं ताल्लुक न्हाई.

मला वाटलंतं अमीन दरडावंल, मग मीबी बोलंन. पण तो सबुरीनं बोलला, त्यानंच माझी पंचाईत झाली. म्हणला, नवी पाटी लाव, त्यावर फुरसतूक खुशाल लिही. फुरसत हा आमच्या जबानीतला शब्द, त्यात जर्मन काय हाय. तेवढं तुझ्या तोंडानं सांग, मी लिहून घेतो, दार उघडं राहील. वकील मान हलवत होते. चुलीमागून चाँदभाई मला हातानं खुणावत होता, हो म्हण, हो म्हण. हेडाबाई स्वतः सांगून गेलीती. हो म्हणायला कुणाची म्हणून आडकाठी न्हवती. शिरूरचा चिंचेचा गोळा डोळ्यापुढं आला.

आन् मला ती पहिल्या शुक्रवारची ताटं आठवली.

मी म्हणलं, "साहेब, शब्द तुमचा न्हाई. हेडाबाईचा हाय. भल्या सकाळचा तुकडा, असा अर्थ होतो त्याचा. आमाला ऐकायला चुकलं."

वकिलांचं तोंड उतरलं. अमीनसाहेबांनी विचारलं, असंच लिहू का.

"लिवा. आन् ताल्लुक हाय, तेबी लिवा."

त्यांनी कागदाची घडी केली. पुढच्या खोलीला टाळं लावलं, पाटी उतरवून नेली, मागची खोली राहायला ठेवली. सगळे गेल्यावर चाँदभाई म्हणला, बाई, कुणासाठी केलंस हे, तिला कळणारबी न्हाई. मी म्हणलं कुणासाठी न्हाई, माझं तोंडच असं हाय. खरंच हाय ते. हेडाबाईशी त्याचा काही संबंध न्हाई.

विजयादशमी

धुळाजी सोनं द्यायला आला. टाळं बघून त्याचा चेहरा खुलला. गाडी संगंच आणलीती. मी आपट्याचं पान घेतलं, त्याला पान दिलं आन् सांगितलं, भावजी, रिकामी गाडी हलकी जाते, उजेड हाय तवर निघा.

आश्विन शुद्ध त्रयोदशी, शुक्रवार

विचार केला, टाळं दाराला हाय, चुलीला न्हाई. मग ओट्यावरच तीन धोंडे मांडले. बटाटा नगरहून यायचा बंद झालाय, म्हणून रताळी किसली. नवरात्राची उरलीती. गोडसर लागतात, पण मुळ्याच्या आंबटपणाबरोबर जमून जातात. पाटी न्हाई म्हणून दारावर कोळशानं लिहिलं, फुरसतूक. खाली हेडाबाईचं नाव लिहिलं. भाकरी थापायचा हात हाय माझा, अक्षर मोठंच येतं.

कुणी आलं न्हाई. लोक समोरून जायचे, वास घ्यायचे आन् पाय उचलायचे. वकिलांनी छत्री आडवी धरली, पाऊस नसताना. शेवटी चाँदभाई आला, भर रस्त्यात मांडी घालून बसला आन् वाढ म्हणला. सगळ्यांच्या देखत खाल्लं, सावकाश, मुळा मागून घेतला. मी म्हणलं आज कसं धाडस आलं. तो म्हणला भूक लागलीती.

आश्विन वद्य पंचमी, शुक्रवार

सकाळी ओट्यावर आमची ताटं. सगळी, वाट्या-पेल्यांसकट, पिठाच्या पोत्यात बांधून ठेवलेली. अमीनाला लाज वाटली असणार, दुसरं काय. पोतं झटकलं तर अंगभर मैदा उडाला. चाँदभाईला दाखवलं, तर म्हणला बरं झालं, आन् भट्टीकडं निघून गेला. हल्ली त्याचं रोज सकाळी पावाची टोपली घेऊन कचेरीवरून जाणं असतं, कशाला कुणास ठाऊक. असल्या माणसाला कौतुक म्हणून करता येत न्हाई.

हमाल आले. कडूबाईचा नवरा आला, तिच्या नकळत. वाढताना मी त्याला ताट दाखवून म्हणलं, बघा हं, जर्मनचं हाय. तो म्हणला, भरून द्या.

आश्विन वद्य द्वादशी, शुक्रवार. वसुबारस

बालाघाटची सीताफळं उतरलीत. हेडाबाई दर साली त्याचा मुरंबा करायला जायची आन् दर साली तो कडू व्हायचा, कावून की सीताफळाला आच सोसत न्हाई. दर साली मी सांगायची, दर साली ती म्हणायची या खेपेला मंद आचेवर. आज मी गर कच्चाच काढला, बिया वेचल्या आन् गरम पोळीवर घातला. कडू न्हाई झाला. झाला असता तरी मी कुणाला नावं ठेवू दिली नसती.

ओट्याखाली दोन्ही अंगाला माणसं बसलीती. वकीलबी आलते, कडेला, छत्री मिटून. तेवढ्यात जलालुद्दीन आला. सगळ्यांचे घास थांबले. त्याच्या हातात हुकूम न्हवता, डबा होता, पितळी, चार खणी.

हळू म्हणला, साहेबांनी ते पाठवायला सांगितलंय.

मी विचारलं ते म्हणजे काय.

तेच, जुम्म्याचं.

मी उलथनं तव्यावर ठेवलं. नाव घे म्हणलं. त्यानं इकडंतिकडं बघितलं आन् फुरसतूक म्हणला. कुणाचं, मी विचारलं. तो म्हणला, अक्का, माझी नोकरी हाय. मी म्हणलं, मग डबा रिकामा ने, साहेबाला सांग की बाईनं नाव विचारलं आन् मला सांगता आलं न्हाई.

तो उभाच राहिला. पोळीची कड लाल व्हायला लागली. मग खाली वाकून पुटपुटला. मी म्हणलं, तवा चुरचुरतोय, ऐकू येत न्हाई.

"हेडाबाईचं," तो मोठ्यानं म्हणला, "हेडाबाईचं फुरसतूक."

समोर कडूबाईच्या गाईच्या गळ्यातली घंटा तेवढी वाजत होती. मी डबा काठोकाठ भरला, वरच्या खणात सीताफळाचा गर घातला आन् झाकण दाबून बसवलं. तो गेल्यावर लोक पुन्हा खायला लागले. एका हमालानं पोळी मागितली ती नाव घेऊन. मग दुसऱ्यानं. वकिलांनीबी घेतलं नाव, घशातल्या घशात, पण घेतलं.

दिवाळी दोन दिवसांवर आलीय. बरणी धुऊन नवा मुळा भरलाय, धोंडा रोज धुते. आली की पहिलं तिला हे सांगायचंय. अमीनाचा जवान भर रस्त्यात तुमचा शब्द बोलला, बाई. वाकडाच बोलला. पण तुमचाच.